कॉम्प्युटर सारखा बंद पडतोय? फॉरमॅट मारण्याआधी हे तपासा

कॉम्प्युटर दिवसातून दोन-तीनदा आपोआप बंद पडतो किंवा निळा स्क्रीन दाखवून पुन्हा सुरू होतो, अशी तक्रार घेऊन दुकानात गेलं की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं, 'फॉरमॅट मारून घ्या.' फॉरमॅट मारला जातो, विंडोज नवीन पडते, घरचे फोटो आणि फायली गेल्या तर गेल्या. चार दिवसांनी कॉम्प्युटर पुन्हा तसाच बंद पडतो, कारण दोष विंडोजमध्ये नव्हताच. तो कधी एसएमपीएसमध्ये असतो, कधी रॅममध्ये, तर कधी चक्क भिंतीतल्या अर्थिंगमध्ये.

या लेखात आपण घरचा डेस्कटॉप समोर ठेवून हा दोष कसा शोधायचा ते पाहू. बरंचसं लॅपटॉपलाही लागू पडतं. उदाहरणं मुद्दाम नंदुरबार जिल्ह्यातल्या परिस्थितीची घेतली आहेत, कारण एसी खोलीत बसून लिहिलेले सल्ले इथे अर्धेच उपयोगी पडतात. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की घरातले दिवे मंद होतात, धूळ तर बारा महिने असतेच. चांगला पार्ट हवा असेल तर अनेकांना धुळे किंवा सुरत गाठावं लागतं, आणि धडगाव-अक्कलकुव्याच्या माणसाला नंदुरबारला येऊन जाण्यातच दिवस मोडतो. चुकीचा पार्ट आणून बघू, नाही चालला तर दुसरा आणू, ही चैन इथे परवडत नाही.

आणि आता कॉम्प्युटर ही काही शोभेची वस्तू राहिलेली नाही. देशातले पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात दिले गेले. तेव्हापासून शिष्यवृत्ती, सातबारा, पीक विमा, सीईटीचा फॉर्म, सगळंच एकेक करून स्क्रीनवर आलं. फॉर्मची मुदत रात्री बारापर्यंत आणि कॉम्प्युटर साडेअकराला तिसऱ्यांदा बंद पडला, तर एखाद्या मुलीचं वर्ष जाऊ शकतं.

बंद 'कसा' पडतो, ते आधी बघा

'कॉम्प्युटर बंद पडतो' या एका वाक्यात चार वेगवेगळे आजार लपलेले असतात.

पहिला प्रकार म्हणजे वीज गेल्यासारखा फटकन काळोख. ना निळा स्क्रीन, ना काही मेसेज. कधी कॉम्प्युटर स्वतःच पुन्हा सुरू होतो, कधी बटण दाबावं लागतं. असं होत असेल तर पहिला संशय विजेवर, एसएमपीएसवर किंवा उष्णतेवर घ्यायचा.

दुसरा प्रकार निळ्या स्क्रीनचा. विंडोज ११ च्या नव्या अपडेटनंतर हा स्क्रीन काळ्या रंगाचा झालाय, पण अर्थ तोच. इथे विंडोजने स्वतः ठरवून काम थांबवलेलं असतं, आणि जाताना ती कारणही लिहून जाते. हा प्रकार दिसायला भीतीदायक असला तरी शोधायला सगळ्यात सोपा.

तिसरा, सगळं गोठून जाणं. माउस हलत नाही, घड्याळ पुढे जात नाही, गाणं चालू असेल तर एकच सूर अडकून राहतो. यात हार्ड डिस्क, रॅम, ग्राफिक्स ड्रायव्हर असे बरेच संशयित असतात.

चौथ्यात फक्त एकच प्रोग्राम बंद पडतो, बाकी कॉम्प्युटर ठणठणीत असतो. हा खरं तर कॉम्प्युटरचा आजारच नाही. तो प्रोग्राम काढून नीट पुन्हा टाका, पुढचा लेख वाचायची गरज पडणार नाही. अपवाद एकच. आज ब्राउझर, उद्या वर्ड, परवा टॅली, असे वेगवेगळे प्रोग्राम आळीपाळीने पडत असतील तर रॅमकडे बघा.

आता एक अगदी बिनखर्चाची युक्ती. कॉम्प्युटर सुरू करताना डिलीट किंवा एफ २ दाबून बायोसमध्ये जा (कुठली कळ ते बोर्डाच्या कंपनीवर अवलंबून असतं) आणि तिथे काहीही न बदलता तासभर तसाच सोडून द्या. बायोसमध्ये विंडोज चालूच झालेली नसते. तिथेही कॉम्प्युटर बंद पडला तर विंडोज निर्दोष सुटली, कितीही वेळा फॉरमॅट मारला तरी उपयोग नाही. तिथे तासभर टिकला, तर मात्र विंडोज निर्दोष आहे की नाही ते ठरत नाही, कारण बायोसमध्ये कॉम्प्युटरवर फारसा ताण येत नाही.

एक वही, आठ दिवस

हे काम कंटाळवाणं वाटेल, पण दुकानदाराच्या अर्ध्या तासाच्या तपासणीपेक्षा आठ दिवसांची वही जास्त सांगते. प्रत्येक वेळी बंद पडला की तारीख, वेळ, तेव्हा काय चालू होतं, दिवे मंद झाले होते का, खोलीत किती उकडत होतं, एवढंच लिहायचं.

समजा, वहीत असं दिसलं की सकाळी आठला कधीच बंद पडत नाही, पण दुपारी एक ते पाच या वेळात रोज दोनदा पडतो. उष्णता असणार. रोज साधारण एकाच वेळी, बाजूची गिरणी सुरू होते तेव्हा पडत असेल तर व्होल्टेज. गेम किंवा व्हिडिओ सुरू केल्यावर दहा मिनिटांत पडत असेल तर एसएमपीएस किंवा ग्राफिक्स. प्रिंटर चालू केल्याबरोबर पडत असेल तर दोघे एकाच बोर्डावर, आणि लेझर प्रिंटर असला तर तो बहुधा त्याच यूपीएसवर लावलेला असतो. लेझर प्रिंटर गरम होताना एकदम खूप करंट ओढतो. त्याला घरगुती यूपीएसवर कधीच लावू नका.

तुमच्या वहीसोबत कॉम्प्युटरचीही स्वतःची एक डायरी असते. स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' असं इंग्रजीत टाइप केलं की 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' दिसेल. ते उघडा. तारखांचा तक्ता येतो आणि ज्या दिवशी गडबड झाली तिथे लाल फुली असते. पहिली फुली ज्या तारखेला आहे, त्याच्या आदल्या दोन-तीन दिवसांत काय नवीन टाकलं होतं, तेही तिथेच दिसतं. अनेकदा गोष्ट इथेच संपते.

आणखी खोलात जायचं असेल तर 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडून 'विंडोज लॉग्ज' मधलं 'सिस्टिम' बघा. तिथे 'कर्नल-पॉवर' नावाची, ४१ क्रमांकाची नोंद सापडेल. हे नाव वाचून बरेच जण लगेच एसएमपीएस बदलून टाकतात. थांबा. ४१ चा अर्थ एवढाच की मागच्या वेळी कॉम्प्युटर रीतसर शटडाऊन न होता बंद झाला. का झाला, ते ती नोंद थेट सांगत नाही. तिच्या 'डिटेल्स' मध्ये 'बगचेककोड' बघायचा. तिथे शून्य असेल तर विंडोजला काही कळायच्या आतच सगळं संपलं, म्हणजे वीज, उष्णता किंवा पूर्ण गोठणं. शून्याऐवजी दुसरा आकडा असेल तर निळा स्क्रीन आला होता, तुम्ही तो पाहिला नसेल इतकंच.

निळा स्क्रीन वाचायच्या आत निघून जात असेल तर 'ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज' मध्ये 'स्टार्टअप अँड रिकव्हरी' च्या सेटिंगमध्ये जाऊन 'ऑटोमॅटिकली रिस्टार्ट' वरची टिक काढा. मग स्क्रीन थांबून राहील, मोबाईलने फोटो काढता येईल. दुकानात जाताना हा फोटो आणि वही घेऊन जा. समोरचा माणूस तुमच्याशी वेगळ्या पद्धतीने बोलायला लागेल.

वीज: इथला मुख्य आरोपी

आपल्या घरात येणारी वीज कागदोपत्री २३० व्होल्ट असते आणि त्यात ६ टक्के वर-खाली चालतं, म्हणजे साधारण २१६ ते २४४. लाइनच्या शेवटच्या टोकाला असलेल्या घरात, मोटारी चालू असण्याच्या वेळी मल्टिमीटर लावून बघा. आकडा याच्या बराच खाली गेलेला दिसू शकतो.

कॉम्प्युटरचा एसएमपीएस ही वीज घेऊन तिच्यातून १२, ५ आणि ३.३ व्होल्टची डीसी वीज बनवतो. चांगल्या दर्जाचे एसएमपीएस १०० ते २४० व्होल्टपर्यंत काहीही चालवून घेतात. स्वस्त कॅबिनेटसोबत फुकट येणारे मात्र बऱ्याचदा २०० च्या वरच नीट चालतात. व्होल्टेज १७०-१८० वर घसरलं की पंखा-बल्ब चालू दिसतात, पण कॉम्प्युटर मान टाकतो. घरच्यांना वाटतं, लाइट तर आहेच, मग हा का बंद पडला?

वीज क्षणभर चमकून गेली तर काय होतं, हेही समजून घ्या. एसएमपीएसच्या आतल्या कपॅसिटरमध्ये थोडी वीज साठलेली असते. पूर्ण लोडवर ती साधारण १६-१७ मिलिसेकंद पुरावी अशी अपेक्षा असते. आपल्या विजेची एक सायकल २० मिलिसेकंदांची, म्हणजे साठा एका सायकलीपेक्षाही कमी. एसएमपीएस जुना झाला, कपॅसिटर सुकले की हा वेळ आणखी घटतो.

आता येतो खरा गोंधळ. बऱ्याच घरांत इन्व्हर्टर असतो, तरीही लाइट गेली की कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो आणि खापर इन्व्हर्टरच्या बॅटरीवर फुटतं. इन्व्हर्टरच्या मागे किंवा पुढे एक छोटं बटण बघा. त्यावर 'यूपीएस' आणि 'नॉर्मल' किंवा 'इको' असे दोन पर्याय असतात. इको मोडमध्ये इन्व्हर्टर साधारण १०० ते २९० व्होल्टपर्यंतची वीज आहे तशी पुढे जाऊ देतो आणि बॅटरीवर यायला ३०-४० मिलिसेकंदही घेतो. फ्रिज-पंख्याला हे चालतं, कॉम्प्युटरला नाही. यूपीएस मोडमध्ये तो साधारण १८० च्या खाली किंवा २६० च्या वर गेलं की लगेच, १०-१५ मिलिसेकंदांत बॅटरीवर येतो. नुसतं बटण सरकवून आजार बरा झालेली घरं भरपूर असतील. त्याची किंमतही आहेच. व्होल्टेज सतत कमी असलेल्या गावात यूपीएस मोडवर ठेवलेला इन्व्हर्टर वारंवार बॅटरीवर जाईल आणि बॅटरी लवकर संपेल. अशा ठिकाणी कॉम्प्युटरपुरता वेगळा छोटा यूपीएस बरा.

त्या यूपीएसमध्येही एक गोम आहे. ६०० व्हीए लिहिलेला यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॅटच्या आसपासच देतो, आणि आतली छोटी बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते. लेड-ॲसिड बॅटरीचं ढोबळ गणित असं की तापमान दर १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. टेबलाखाली, भिंतीला चिकटवून ठेवलेला यूपीएस इथल्या उन्हाळ्यात किती टिकणार! बॅटरी मेलेली असली तरी लाइट असताना यूपीएस मस्त चालतो, त्यामुळे कळतच नाही. कधीतरी सगळ्या फायली बंद करून, काही चालू नसताना, यूपीएसचा भिंतीतला स्विच बंद करून बघा. कॉम्प्युटर लगेच गेला तर आरोपी सापडला.

अर्थिंगकडे बहुतेक घरांत कोणी बघतच नाही. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, टेस्टर लावला तर लाल दिसतो, आणि लोक म्हणतात 'थोडा करंट मारतो, चालायचंच'. होतं असं की एसएमपीएसच्या आतला फिल्टर फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून थोडी वीज बॉडीकडे सोडतो. ती अर्थिंगच्या तारेतून जमिनीत जावी अशी रचना असते. अर्थिंगच नसेल तर बॉडी साधारण निम्म्या व्होल्टेजवर, म्हणजे ११५ च्या आसपास तरंगत राहते. करंट फार थोडा असतो, पण त्याच बॉडीला प्रिंटर, इंटरनेटची केबल, पेनड्राइव्ह जोडले जातात आणि विचित्र बिघाड सुरू होतात. माउस मध्येच मरतो, पेनड्राइव्ह लावला की मशीन रिस्टार्ट होते. तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचं एक्स्टेंशन वापरलं की हीच अवस्था.

वायरमनला बोलावून फेज आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज मोजून घ्या. ते २३० च्या जवळ हवं, आणि न्यूट्रल व अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्टच्या वर नको. अर्थिंगचा खड्डा पावसाळ्यात उत्तम चालतो आणि एप्रिल-मेमध्ये जमीन कोरडी पडली की कुचकामी ठरतो. म्हणून उन्हाळ्यात त्यात पाणी घालायचं असतं. जुन्या वायरमनना हे सांगावं लागत नाही, नव्या बंगल्यांच्या मालकांना सांगावं लागतं.

राहिला एसएमपीएस. तो खराब आहे का, हे ठरवायचा सगळ्यात भरवशाचा मार्ग म्हणजे ओळखीच्याचा चांगला एसएमपीएस दोन दिवस लावून बघणं. मल्टिमीटरने बघायचं तर १२ व्होल्टची पिवळी तार ११.४ ते १२.६ च्या मध्ये हवी, आणि मोजमाप कॉम्प्युटर काम करत असताना घ्यायचं. रिकामा असताना मरायला टेकलेला एसएमपीएसही बरोबर आकडा दाखवतो. एसएमपीएसचा डबा मात्र घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर वीज काही काळ राहू शकते.

ऊन आणि धूळ

हीटसिंक आणि पंखा प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा गार करूच शकत नाहीत. ते फक्त फरक कमी ठेवतात. समजा, काम करताना प्रोसेसर हवेपेक्षा ५० अंशांनी गरम राहतो. डिसेंबरात खोली २५ अंश, प्रोसेसर ७५. मे महिन्यात खोली ४२, प्रोसेसर ९२. त्यात हीटसिंकमध्ये धूळ अडकून फरक ५० चा ६० झाला तर आकडा शंभरीच्या पार. बहुतेक प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास आधी स्वतःचा वेग कमी करतात, आणि तरीही भागलं नाही तर जीव वाचवण्यासाठी फटकन बंद होतात. हिवाळ्यात शहाण्यासारखा वागणारा कॉम्प्युटर मेमध्ये वेड्यासारखा का वागतो, त्याचं हे उत्तर. 'एचडब्ल्यूइन्फो' नावाचं मोफत सॉफ्टवेअर तापमान दाखवतं. ते चालू ठेवून दुपारी नेहमीचं काम करा. आकडा ९० च्या वर चढत असेल तर आधी साफसफाई.

प्लग काढा, पॉवर बटण पाच-दहा सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्या, कॅबिनेट अंगणात न्या. ब्लोअरने धूळ उडवताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो जोरात फिरून उलट वीज तयार करतो आणि बेअरिंगही खराब होतं. घर मिरची पथारीजवळ असेल तर तोंडाला रुमाल बांधायला विसरू नका, कॅबिनेटमधून काय उडेल याचा नेम नाही. आत मेलेली पाल, मुंग्यांचं वारूळ, उंदराने कुरतडलेली तार असं काहीही सापडू शकतं. मदरबोर्डवरच्या नळकांड्यासारख्या कपॅसिटरांची डोकी सपाट आहेत का तेही याच वेळी बघून घ्या. फुगलेली किंवा गळलेली दिसली तर बोर्ड दुरुस्तीला द्यावा लागेल.

तीन-चार वर्षं जुन्या कॉम्प्युटरमध्ये प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट सुकून खडू झालेली असते. ती पुसून मटारच्या दाण्याएवढी नवी लावा, जास्त नको. आणि पाण्याचा कूलर थेट कॅबिनेटवर सोडू नका. गार वाटतं खरं, पण दमट हवेत धूळ चिखलासारखी चिकटते.

रॅम आणि हार्ड डिस्क

निळ्या स्क्रीनवर 'मेमरी मॅनेजमेंट' लिहून येत असेल, किंवा दर वेळी वेगळंच कारण येत असेल तर रॅम तपासायची. दर वेळी वेगळं कारण, ही रॅमची खास खूण आहे, कारण खराब झालेल्या जागेत त्या वेळी कोणता प्रोग्राम बसलेला असेल त्याचं नाव पुढे येतं. आपल्याकडचा जुना उपाय, रॅम काढून तिचे सोनेरी संपर्क पांढऱ्या खोडरबराने हलके पुसायचे, हा खरोखर चालतो. दमट-धुळीच्या हवेत संपर्कांवर थर बसतो, तो निघतो. खोडरबराचा चुरा झटकून मगच रॅम बसवा, दोन्ही बाजूंच्या कड्या 'टक' असा आवाज करून लागल्या पाहिजेत.

तरीही बंद पडत असेल तर 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' चालवा. ते लवकर होतं, पण बारीक दोष सोडून देतं. 'मेमटेस्ट८६ प्लस' पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर चालवणं जास्त चांगलं. त्यात एकही लाल ओळ चालत नाही. 'फक्त दोनच एरर आल्या' असं काही नसतं. दोन रॅम असतील तर एकेक लावून बघा, म्हणजे नेमकी कुठली बाद ते कळेल.

हार्ड डिस्कच्या बाबतीत मात्र क्रम महत्त्वाचा आहे, आणि इथे घाई केली तर नुकसान भरून येत नाही. 'क्रिस्टलडिस्कइन्फो' हे मोफत सॉफ्टवेअर डिस्कची तब्येत दाखवतं. पिवळा 'कॉशन' दिसला, किंवा 'करंट पेंडिंग सेक्टर' समोर शून्याशिवाय काही दिसलं, किंवा डिस्कमधून टिक-टिक आवाज यायला लागला, तर सगळं सोडून आधी डेटा दुसरीकडे कॉपी करा. अनेक जण अशा वेळी आधी 'चेकडिस्क' चालवतात. मरायला टेकलेल्या डिस्कवर ते तासन्‌तास ताण देतं, आणि जी डिस्क दोन दिवस तग धरून डेटा देऊ शकली असती ती तिथेच संपते. आधी कॉपी, मग चेकडिस्क. डिस्कची तब्येत चांगली दिसत असेल तर साटा केबल काढून घट्ट लावा. शंभरेक रुपयांच्या केबलने मोठी सोंगं घेतलेली असतात.

मग विंडोजकडे

वीज, उष्णता, रॅम, डिस्क सगळं ठीक निघालं तरच सॉफ्टवेअरकडे यायचं. इथे सगळ्यात जास्त गुन्हे ड्रायव्हरांच्या नावावर असतात. नवापूरचं रेल्वे स्टेशन जसं अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये, तसा ड्रायव्हर हार्डवेअर आणि विंडोज यांच्या हद्दीवर उभा असतो. साधा प्रोग्राम चुकला तर विंडोज त्याला एकट्याला बाहेर काढते. ड्रायव्हर मात्र कर्नल नावाच्या गाभ्यात काम करतो, तो चुकला तर अख्खी विंडोज थांबवावी लागते. १९ जुलै २०२४ चा दिवस आठवत असेल. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळे पडले, आणि आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. त्या कॉम्प्युटरांच्या हार्डवेअरला काहीही झालेलं नव्हतं. सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल काढली की ते पुन्हा चालू होत होते.

आपणही तेच करायचं. शिफ्ट दाबून धरून रिस्टार्टवर क्लिक केलं की पर्यायांचा स्क्रीन येतो, तिथून 'ट्रबलशूट' आणि 'स्टार्टअप सेटिंग्ज' मधून सेफ मोड मिळतो. सेफ मोडमध्ये अगदी गरजेपुरतेच ड्रायव्हर चालतात. तिथे कॉम्प्युटर दोन-चार तास टिकतो आणि नेहमीच्या विंडोजमध्ये पडतो, तर ड्रायव्हर किंवा नंतर टाकलेलं सॉफ्टवेअर दोषी. नुकताच ग्राफिक्स ड्रायव्हर बदलला असेल तर 'डिव्हाइस मॅनेजर' मधून 'रोल बॅक ड्रायव्हर' करा. दोन अँटिव्हायरस एकत्र असतील तर एक काढा. फुकटातले 'ड्रायव्हर अपडेटर' तर मुळीच नकोत. ड्रायव्हर मदरबोर्ड किंवा लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरूनच घ्यावा.

क्रॅक केलेल्या विंडोजबद्दलही बोललं पाहिजे. तिला चालू करणारा ॲक्टिव्हेटर अँटिव्हायरस बंद करायला लावतो, आणि आत काय सोडून जातो ते कोणालाच माहीत नसतं. अशा मशीनवर दोष शोधणं म्हणजे गढूळ पाण्यात सुई शोधणं. विंडोज १० चा नियमित सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुना कॉम्प्युटर विंडोज ११ ला चालत नसेल तर लिनक्स मिंटसारखा मोफत पर्याय आहे. तो टाकायचा नसला तरी पेनड्राइव्हवरून नुसता चालवून बघता येतो, आणि ती एक उत्तम चाचणी ठरते. लिनक्समध्येही कॉम्प्युटर बंद पडला तर दोष हार्डवेअरचाच.

इंटेलच्या १३ व्या किंवा १४ व्या पिढीचा डेस्कटॉप प्रोसेसर असलेल्यांसाठी एक वेगळी सूचना. त्यातल्या काही प्रोसेसरना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळून ते हळूहळू बिघडत होते. इंटेलने ऑगस्ट २०२४ मध्ये त्यावर दुरुस्ती दिली आणि त्या मॉडेलांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. ही दुरुस्ती बायोस अपडेटमधून येते. बायोस अपडेट करताना मध्येच लाइट गेली तर बोर्ड उठतच नाही, म्हणून चालू बॅटरीचा यूपीएस असल्याशिवाय आपल्याकडे हे धाडस करू नका.

दुकानात जावं लागलंच तर

घरून निघायच्या आधी डेटा काढून ठेवा. विंडोज सुरूच होत नसेल तरी हार्ड डिस्क बहुधा जिवंत असते. ती काढून यूएसबीच्या साटा केबलने दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली की फायली दिसतात, किंवा वर सांगितलेल्या लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून सुरू करून कॉपी करता येतात. दुकानदाराला 'सारखा बंद पडतो' एवढंच न सांगता सांगा की दुपारी पडतो, बगचेककोड शून्य आहे, रात्रभर मेमटेस्ट स्वच्छ गेली, यूपीएसची बॅटरी नवी आहे. मग त्याच्यापुढे बघायला एसएमपीएस आणि बोर्ड एवढंच उरतं. बदलून काढलेला जुना पार्ट परत मागा, बिल घ्या, आणि नवीन एसएमपीएसच्या डब्यावर वॉरंटीची तारीख घालून घ्या. घरी आल्यावर वही मात्र आणखी आठ दिवस चालू ठेवायची, कारण दुकानातली वीज आणि आपल्या घरातली वीज एकसारखी नसते. तिथे दिवसभर चाललेला कॉम्प्युटर घरी येऊन संध्याकाळी पुन्हा पडला, तर आता कॅबिनेटकडे नाही, भिंतीकडे बघायचं.